प्लवकभक्षी या नोंदीची दुरुस्ती

लोकांची घरं जमिनीवरून मोडतात. आमचं एका व्युत्पत्तीवरून मोडलं, आणि तीही माशांच्या खाण्यापिण्याच्या. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. मी स्वतः कितीतरी वर्षं ही गोष्ट विनोद म्हणून सांगत होते, कारण दुसऱ्या कशा प्रकारे सांगायची ते मला कळत नव्हतं.

माझे वडील शास्त्रीय परिभाषाकोशाचे मुख्य संपादक. कोश म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, भिंतीला टेकून उभी असलेली लोखंडी कपाटं, आणि कपाटांच्या खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. एका कार्डावर एक शब्द. पुढे अर्थ, मागे व्युत्पत्ती. पुढची बाजू बाबांची, मागची माझ्या भावाची. माझ्याकडे कार्डं लावणं, शोधणं, छपाईआधीची कच्ची मुद्रितं तपासणं आणि दोघांना वेळेवर जेवायला उठवणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लहानपणी सारखा बाबांच्या खांद्यावर बसलेला असायचा, म्हणून आई त्याला टिंब म्हणायची: अक्षराच्या डोक्यावर अनुस्वाराचं टिंब बसतं तसा. टिंबचं टिंबू झालं आणि तेच राहिलं. टिंबूला भाषा अशा यायच्या जशी काही पोरांना सर्दी होते, न बोलावता. ग्रीक तो स्वतःच शिकला. बाबांना त्याचा एवढा अभिमान होता की तो समोर असताना ते त्याच्याशी नीट बोलतसुद्धा नसत.

कोशाची पहिली आवृत्ती छापून झाली तेव्हा टिंबू अठ्ठावीस वर्षांचा होता. तिच्यात ‘प्लवकभक्षी’ ही नोंद होती. समुद्रात, तळ्यांत, प्रवाहाबरोबर वाहणारे बारीक बारीक जीव असतात, त्यांना प्लवक म्हणतात. आणि जे प्राणी त्यांच्यावर जगतात ते प्लवकभक्षी. इवल्या माशापासून अवाढव्य देवमाशापर्यंत सगळे त्यात आले. मूळ परदेशी शब्द, प्लँक्टिव्होर, गमतीचा आहे. त्याचा पहिला अर्धा भाग ग्रीक, ‘प्लांक्टोस’, आणि दुसरा अर्धा लॅटिन, ‘व्होरारे’, म्हणजे गिळणं, अधाशासारखं खाणं. नवरा ग्रीक, बायको लॅटिन. टिंबू म्हणायचा, “या लग्नाला दोन्हीकडचे व्याकरणकार रुसून आलेच नसणार.”

भांडण लॅटिनवरून झालं नाही. ते ग्रीकवरून झालं. त्या नोंदीची मागची बाजूही बाबांनी स्वतः लिहिली होती, टिंबू तापाने आडवा होता म्हणून. त्यांनी लिहिलं: प्लांक्टोस म्हणजे भटकणारा, ग्रीकांनी ग्रहांना ज्या धातूवरून भटके म्हटलं, त्याच धातूपासून. टिंबू बरा झाला, छापलेला खंड उघडला आणि म्हणाला, “बाबा, हा तो धातू नाही. हा दुसरा आहे. याचा अर्थ वाटेवरून ढकलून देणं. त्याच्याही मुळाशी जाल तर फटका मारणं. प्लांक्टोस म्हणजे भटकणारा नव्हे, भरकटवलेला. तो स्वतःहून नाही गेला कुठे. त्याला घालवलंय.”

“अर्थ एकच,” बाबा म्हणाले.

“एक कसा? एक कर्तरी, एक कर्मणी.”

इतकंच. आता मागे वळून पाहताना वाटतं, तिथे मी दोघांना चहा द्यायला हवा होता. पण टिंबूने भाषेच्या एका त्रैमासिकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, ‘एका नोंदीविषयी’. पत्र सभ्य होतं, बिनचूक होतं, आणि खाली त्याचं नाव होतं. कोशाच्या मुख्य संपादकाची चूक त्याच्याच मुलाने चारचौघांत दाखवलेली. गावातला एकूण एक व्याकरणवाला आठवडाभर आमच्याकडे सहज म्हणून डोकावून गेला.

बाबांनी आवाज चढवला नाही. आमच्या घरात कुणी कुणाला मारत नसे; आमच्याकडे नोंद काढून टाकत. त्यांनी टिंबूकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि म्हणाले, “ज्याला घरातल्या चुका बाहेर दाखवायच्या आहेत, त्याने त्या बाहेरूनच दाखवाव्यात.” पुढच्या आवृत्तीच्या संपादकांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तो त्या रविवारी घरातून गेला. आई दारात उभी राहून दोघांनाही नावं ठेवत रडत होती आणि मी त्याच्या पिशवीत मोजे भरत होते, जणू मोज्यांचाच प्रश्न होता.

याला चोवीस वर्षं झाली. टिंबू दूरच्या एका बंदरात समुद्रसंशोधन केंद्रात नोकरीला लागला. बाटल्यांतून आलेलं पाणी काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक मोजायचे, हे त्याचं काम. म्हणजे आमच्या कुटुंबातला खरा प्लवकभक्षी तोच. त्यांच्याच जिवावर पोट भरतो. हा विनोद मी त्याला पत्रातून कळवला होता. तो हसला असावा, कारण त्यानंतर वर्षातून एक पत्र येऊ लागलं. फक्त मला.

आई गेली तेव्हा तो आला. बाबा आतल्या खोलीत मुद्रितं घेऊन बसून राहिले, बाहेर आलेच नाहीत. जाताना जिन्यात मी त्याचा हात धरला. म्हटलं, “आता तरी पुरे कर.”

“ताई, मी काही मागत नाही,” तो म्हणाला. “माफीबिफी नको. ती नोंद दुरुस्त होऊ दे. ज्या दिवशी ती छापून येईल, त्या दिवशी मी येतो. तुझी शपथ.”

लहान मुलासारखं शपथेवर आणलं त्याने. पण टिंबू शपथ मोडणारा नव्हता, आणि बाबा नोंद बदलणारे नव्हते. मी दोघांच्या मध्ये उभी राहून म्हातारी होत गेले.

गेल्या वर्षी बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. हृदय थकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, “महिने मोजा, वर्षं मोजू नका.” त्याच सुमाराला वरून पत्र आलं की दुसऱ्या आवृत्तीचा चालू खंड हाच शेवटचा; त्यानंतर कार्यालय बंद, खोल्या रिकाम्या करून द्याव्यात. चालू खंड प-पासून भ-पर्यंतचा होता. ‘प्लवकभक्षी’ त्यातच येत होती. मी इतकी निराश बाई आहे की चांगला योग जुळून आला तरी मला आधी भीती वाटते. तरी मी ठरवलं, या वेळी सोडायचं नाही.

एका दुपारी मी ते कार्ड घेऊन बाबांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते, हातात भिंग. अलीकडे ते सगळं भिंगानेच वाचत.

“बाबा, ही नोंद तुम्हाला बदलावी लागेल,” मी म्हटलं.

“कुठली ते मला माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? अर्थ एकच आहे.”

“एकच असता तर तो आज इथे बसला असता,” मी म्हणाले, आणि मग माझा तोल गेला. चोवीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, “मी लग्न केलं नाही, दुसरी नोकरी केली नाही, तुमच्या एका विशेषणापायी आई तुमच्या दोघांची वाट बघत गेली. तुम्ही मेल्यावर मी कुणाशी बोलू? कपाटांशी? कपाटंसुद्धा नेणार आहेत.”

बाबा बराच वेळ भिंग रुमालाने पुसत राहिले. मग म्हणाले, “लिही.”

मी पेन शोधेपर्यंत त्यांनी सुरुवातही केली होती. मी त्यांच्या हातचं कार्डाच्या मागचं लिखाण खोडलं आणि खाली त्यांनी सांगितलं ते शब्दशः उतरवलं: “प्लांक्टोस: भरकटवलेला, वाटेवरून दूर लोटलेला. मूळ धातूचा अर्थ फटका मारणे. पहिल्या आवृत्तीत दिलेला ‘भटकणारा’ हा अर्थ चुकीचा होता.”

“चुकीचा होता, की सदोष होता?” मी विचारलं. सवय.

“चुकीचा,” बाबा म्हणाले. “आणि पुढे कंसात त्याची आद्याक्षरं घाल. दुरुस्ती कुणाची आहे ते कळायला हवं.”

मी कार्ड घेऊन बाहेर आले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. इतकं बरं मला त्यानंतर कधीच वाटलं नाही.

त्या खंडाची पहिली तीन मुद्रितं मी वाचली. चारशे बारावं पान तिन्ही वेळा स्वच्छ होतं. मग छापखान्याने कळवलं की आमचा जुना टाइप त्यांच्या नव्या यंत्राला चालत नाही, सगळा मजकूर नव्या टाइपात बदलून द्या. आमचा ऑपरेटर, गेली पंधरा वर्षं आमचाच मजकूर जुळवणारा, मान हलवत म्हणाला, “बाई, जोडाक्षरं फुटणार.” आणि फुटलीच. प्र, क्ष, प्ल, सगळ्यांचे तुकडे. ‘प्लवक’चा ‘प’ पाय मोडून एकीकडे, ‘लवक’ दुसरीकडे.

त्यावर उपाय म्हणून त्याने शुद्धलेखन तपासायचा प्रोग्राम लावला. प्रोग्राम फुटलेला शब्द दाखवायचा, दुरुस्त शब्द सुचवायचा आणि विचारायचा: सगळीकडे बदलू? ऑपरेटर मोठ्याने वाचायचा, मी शेजारी बसून हो किंवा नाही म्हणायचे. “प्रकाश?” हो. “प्रवाह?” हो. “प्रक्षेप?” हो. दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं लक्ष उडालं. मी मनातल्या मनात टिंबूसाठी खोली लावत होते. पलंग खिडकीकडे सरकवावा की नको, त्याला आता पाठीचा त्रास असेल का, असलं काहीतरी. ऑपरेटर काय म्हणाला ते मला ऐकू आलं. अर्थ मात्र पोचला नाही. मी म्हटलं, “हो. पुढे.”

अंतिम मुद्रित बाबा वाचत. हा नियम कोशाच्या पहिल्या दिवसापासूनचा. अंतिम मुद्रिताला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक पानावर ते स्वतःच्या हाताने ‘वाचले’ असं लिहून सही करत. पन्नास वर्षांत त्यांच्या हाताखालून एक चूक सुटली नाही, असं लोक म्हणत, आणि बाबा ते नाकारत नसत. या खेपेलाही त्यांनी गठ्ठा मागून घेतला, खोलीचं दार लावलं आणि नऊ दिवसांनी परत दिला. सगळ्या पानांवर ‘वाचले’. एकाही पानावर दुरुस्ती नव्हती. माझी छाती फुगली. बाबांनासुद्धा दुरुस्तीला जागा सापडली नाही, इतकं चोख काम केलं मी!

खंड छापून आले. मी पहिला गठ्ठा फोडला, वरची प्रत घेतली. चार वाजता टपाल बंद होतं आणि साडेतीन झाले होते. पानाचा आकडा पाहून चारशे बारावर कागदाची पट्टी घातली, पुस्तक गुंडाळलं, पत्ता लिहिला, आणि धावत गेले. मजकूर वाचला नाही. तीनदा वाचलेली गोष्ट माणूस चौथ्यांदा वाचत नाही. आत चिठ्ठीसुद्धा घातली नाही. म्हटलं, नोंदच काय ते बोलेल.

दहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, फोन आला. मी भाजी निवडत होते.

“ताई.”

चोवीस वर्षांत त्याने मला फोन केला नव्हता. मी म्हटलं, “टिंबू! मिळालं? कधी येतोस? मी गाडीवर घ्यायला—”

“तुझ्याकडे प्रत आहे?” तो म्हणाला. “चारशे बारा उघड.”

मी हात पुसले, चष्मा लावला, उघडलं. आणि वाचलं.

‘पालकभक्षी: पाण्यातील पालकांवर उपजीविका करणारा प्राणी. पालकभक्षी प्राणी तोंड उघडे ठेवून पुढे जातो आणि वाटेत येणारे पालक गिळतो.’ खाली सगळी व्युत्पत्ती होती, अक्षरशः सांगितल्याप्रमाणे. भरकटवलेला, वाटेवरून दूर लोटलेला, फटका मारणे. आणि शेवटी कंसात, ठसठशीत, माझ्या भावाची आद्याक्षरं.

खरं सांगते, मला पहिल्यांदा हसू आलं. पाण्यातला पालक! भाजीच होती ना माझ्या मांडीवर. मग दुसरा अर्थ दिसला, जो त्याला पहिल्यांदा दिसला असणार. आईबापांना खाणारा. आणि त्याच्यापुढे नाव त्याचं.

“टिंबू, हे यंत्राने केलंय,” मी म्हणाले. “जोडाक्षरं फुटली होती, प्रोग्रामने सगळीकडे— बघ, वर ‘प्लवक’च्या नोंदीतही पालकच झालंय, सगळीकडे तसंच झालंय. मी हो म्हटलं रे. माझं लक्ष नव्हतं. माझी चूक आहे.”

“यंत्राचं समजू शकतो,” तो शांतपणे म्हणाला. अगदी बाबांसारखा. “तुझंही समजू शकतो. अंतिम मुद्रित कुणी वाचलं?”

मी मांडीवरची भाजी खाली ठेवली.

“ताई, पन्नास वर्षांत त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सोडलेलं नाही. आणि हे सोडलं? एवढ्या मोठ्या खंडात नेमकं हेच?”

मी फोन कानाला धरूनच कपाटाशी गेले. अंतिम मुद्रिताचा गठ्ठा घरीच होता. चारशे बारा काढलं. त्यावर ‘वाचले’ होतं, सही होती. आणि दोन्ही उलटं होतं. पान उलटं धरून केलेलं. मी पुढची पानं चाळली. काही सुलटी, काही उलटी. काही सह्या मजकुराच्या मधोमध, ओळींवरून गेलेल्या. एका पानाच्या तर मागच्या कोऱ्या बाजूवर ‘वाचले’.

म्हणजे बाबांना दिसत नव्हतं. भिंग असून दिसत नव्हतं. नऊ दिवस ते दार लावून बसले होते आणि एकेका पानावर सही करत होते, कारण मी त्यांना वाचून दाखवू का, असं विचारायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. आणि मी, दिवसभर त्यांच्यासोबत असणारी, चुका शोधण्यात जन्म घालवलेली बाई, मला हे कळलं नाही. मला स्वतःची किळस आली.

“टिंबू,” मी हळूच म्हणाले, “बाबांना दिसत नाही रे.”

“आत्ता म्हणालीस यंत्राने केलं. आता म्हणतेस दिसत नाही. काहीतरी एक ठरव, ताई.” त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. “सात दिवस पुस्तक उशाशी घेऊन झोपतोय मी. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. त्यांनी हे मुद्दाम केलेलं नाही एवढंच मला ऐकायचंय. त्यांच्या तोंडून. फोन दे त्यांना.”

त्याला यायचं होतं हो. अजूनही यायचंच होतं.

मी बाबांच्या खोलीत गेले. “बाबा, टिंबूचा फोन आहे,” म्हटलं, आणि फोनचा आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरला. बाबा खुर्चीत सरळ झाले. शर्टाचं वरचं बटण चाचपून लावलं त्यांनी. फोनसाठी.

“बाबा, पानावर एक चूक—” मी सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. तो हात वर झाला की घरातली सगळी माणसं गप्प होत, मीही झाले. तेवढी एक सवय मी मोडली असती तर.

“बाबा,” टिंबू म्हणाला. “चारशे बारावं पान. ती नोंद. तुम्ही स्वतः वाचली होती?”

बाबांनी माझ्या दिशेने पाहिलं, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचा ओठ हलला. मग त्यांनी मान ताठ केली.

“मी वाचल्याशिवाय एकही पान छापायला गेलेलं नाही,” ते म्हणाले. “शब्दन् शब्द वाचली.”

“आणि तशीच राहू दिलीत?”

“तशीच. पूर्ण विचार करून.” इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “तुझी आद्याक्षरंसुद्धा मीच घालायला सांगितली. हे चोवीस वर्षांपूर्वीच छापायला हवं होतं. मला उशीर झाला.”

मग टिंबू म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.”

मी ओरडले, “टिंबू, नाही रे, त्यांना वाटतंय की—” पण फोन बंद झाला होता. मी लगेच लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्यानंतर लागेचना. मी नंतर पत्रंही लिहिली, सगळं पहिल्यापासून, उलट्या सह्यांच्या पानासकट. चार पत्रं गेली आणि चारही न फोडता परत आली. पाकिटांवर ‘नाकारले’ असं लिहिलेलं, आणि अक्षर त्याचंच.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी बंद फोन हातात धरून बाबांच्या खोलीत उभी होते. बाबा खुर्चीत मागे रेलले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी लहानपणी पाहिलं होतं, टिंबू त्यांच्या खांद्यावर बसलेला असताना.

“बोललो एकदाचं,” ते म्हणाले. “वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. काय म्हणाला तो शेवटी?”

“बरं झालं म्हणाला.”

“हं.” त्यांनी वरचं बटण पुन्हा सोडलं. मग म्हणाले, “जरा ती नोंद वाच. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय.”

मी पुस्तक उघडलं. समोर ‘पालकभक्षी’ दिसत होतं. मी पान हातात धरून, न बघता, त्यांनी सांगितली होती तशी नोंद म्हटली. प्लवकभक्षी. प्लांक्टोस. भरकटवलेला, वाटेवरून दूर लोटलेला. चुकीचा होता. कंसात आद्याक्षरं. पन्नास वर्षं चुका पकडणाऱ्या माणसाने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि मान डोलावली.

“निर्दोष,” ते म्हणाले. “कोणत्या गाडीने येतोय?”

मी चष्मा काढून पुसला.

“नसेल ठरवलं अजून,” त्यांनीच ठरवून टाकलं. “पण खोली तयार असू दे. तू एकटी किती करशील, ऑपरेटरला बोलाव पलंग सरकवायला. खिडकीपाशी लाव. त्याला उजेड लागतो वाचायला.”

मी पुस्तक मिटलं आणि खोली आवरायला गेले.